दूर-अवरक्त खगोलशास्त्रासाठी अतिसंवाहक डिटेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूर-अवरक्त म्हणजे नेमका कुठला प्रकाश?

साधारण ३० ते ३०० मायक्रॉन तरंगलांबीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्यांना दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, तेव्हा ही तरंगलांबी त्याच्या शेकडो पट झाली. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे तापमापी ठेवून जे अवरक्त प्रारण शोधले, ते याच कुळातले, पण दृश्य प्रकाशाच्या शेजारचे. दूर-अवरक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला, रेडिओलहरींच्या वेशीवर आहे.

त्यात पाहण्यासारखे काय आहे?

धूळ. तारे जिथे जन्मतात त्या ढगांत ती ठासून भरलेली असते. ती ताऱ्यांचा प्रकाश शोषते, वीस-तीस केल्विनपर्यंत (म्हणजे शून्याखाली अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास) तापते आणि ती ऊर्जा दूर-अवरक्तात बाहेर टाकते. ३० केल्विनच्या वस्तूचे प्रारण १०० मायक्रॉनच्या जवळपास सर्वाधिक असते. आजवरच्या सगळ्या दीर्घिकांनी सोडलेल्या प्रकाशाचा हिशेब मांडला तर साधारण निम्मा प्रकाश धुळीने गिळून अवरक्तात परत केलेला दिसतो. केवळ दृश्य प्रकाशात विश्वाचा इतिहास लिहिला तर अर्धी पाने कोरी राहतील.

धुळीबरोबर वायूंच्या खुणाही इथेच सापडतात. आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा, ऑक्सिजनच्या ६३ आणि ८८ मायक्रॉनच्या रेषा, पाण्याच्या वाफेच्या कितीतरी रेषा. माझ्या मते यांतली सर्वांत मोलाची रेषा ११२ मायक्रॉनची, हायड्रोजन ड्युटेराइडची. ग्रह जिथे घडतात त्या चकत्यांचे वस्तुमान मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असते, आणि थंडीत हा रेणू जवळजवळ मुका असतो. त्याचा ड्युटेरियमवाला, म्हणजे जड हायड्रोजनवाला, भाऊ मात्र बोलतो. २०१३ साली हर्शेल या अंतराळातल्या वेधशाळेने टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याभोवतीच्या चकतीत ही रेषा पकडली, तेव्हा त्या चकतीत अपेक्षेपेक्षा बरेच जास्त द्रव्य असल्याचे कळले. अशी मोजणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चकत्यांची झाली आहे. बाकीच्यांचा प्रकाश त्या वेळच्या डिटेक्टरांच्या आवाक्याबाहेर राहिला.

जेम्स वेब दुर्बीण आहे ना? मग वेगळी कशाला?

वेब सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतच पाहते. चिलीतल्या आल्मा दुर्बिणी ०.३ मिलिमीटरपासून पुढचे पाहतात. मधली ३० ते ३०० मायक्रॉनची सगळी पट्टी २०१३ मध्ये हर्शेल आणि २०२२ मध्ये सोफिया हे विमानातले वेधस्थान बंद झाल्यापासून जवळपास अंधारात आहे.

जमिनीवरून का पाहत नाहीत?

हवेतली पाण्याची वाफ हा प्रकाश पिऊन टाकते. अटाकामाच्या वाळवंटात ५००० मीटर उंचीवरही पट्टीच्या टोकाच्या एक-दोन खिडक्या तेवढ्या किलकिल्या होतात. म्हणून बोइंग ७४७ मध्ये २.५ मीटरची दुर्बीण बसवून सोफिया उडवावी लागली. फुग्यांचा मार्गही आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण विमान असो वा फुगा, दुर्बिणीचा आरसा हवेच्या तापमानाला असतो आणि तो स्वतःच दूर-अवरक्तात प्रकाशतो. खरी अडचण ती आहे.

आरसा प्रकाशतो म्हणजे?

शून्य केल्विनच्या वर असलेली प्रत्येक वस्तू प्रारण सोडते. हर्शेल वेधशाळेचा ३.५ मीटरचा आरसा १५ लाख किलोमीटर दूर, सावलीत, ८५ केल्विनच्या आसपास होता. आपल्या दृष्टीने हे गोठवणारे तापमान, पण ८५ केल्विनचे प्रारण सर्वाधिक असते ते ३४ मायक्रॉनला आणि त्याची शेपटी सगळ्या दूर-अवरक्त पट्टीवर पसरते. हर्शेलच्या डिटेक्टरांवर पडणाऱ्या प्रकाशाचा बहुतांश भाग आकाशाचा नव्हताच, तो त्यांच्याच आरशाचा होता.

आरसा ४-५ केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा स्वतःचा प्रकाश या पट्टीत नगण्य होतो. उरते ती नैसर्गिक पार्श्वभूमी: सूर्यमालेतल्या धुळीची मंद प्रभा आणि आकाशगंगेतल्या धुळीची. हर्शेलच्या तुलनेत ही पार्श्वभूमी लाखोपट अंधारी आहे. हर्शेलसाठी बनवलेले डिटेक्टर अशा थंड दुर्बिणीवर लावले तर आरसा थंड करण्याचा खटाटोप वाया जाईल, कारण आता गोंगाट डिटेक्टरचा स्वतःचा असेल. आकाशापेक्षा शांत डिटेक्टर हवा, एवढीच या सगळ्या क्षेत्राची मागणी आहे. ती पुरी करायला वीस वर्षे लागली.

‘अतिसंवेदनशील’ म्हणजे किती? आकडा सांगा.

या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी सारखा एक शब्द असतो: एनईपी. डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट किती वॅट प्रकाशाएवढा आहे, याचे हे माप. एकक वॅट प्रति वर्गमूळ हर्ट्झ. आकडा जितका लहान तितका डिटेक्टर चांगला. थंड आरशाच्या दुर्बिणीवर वर्णपटमापक बसवायचा तर एनईपी १० चा उणे १९ वा घात किंवा त्याहून कमी हवा.

हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर फोटॉन मोजू. १०० मायक्रॉनच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २ भागिले १० चा २१ वा घात ज्यूल, म्हणजे १२.४ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट. १० चा उणे १९ वा घात वॅट म्हणजे असे सेकंदाला सुमारे ५० फोटॉन.

आता यातला व्यवहार. गोंगाट वेळेच्या वर्गमूळाने कमी होतो. एनईपी दहापट सुधारला तर तेच निरीक्षण शंभरपट लवकर उरकते. शंभर तासांचे काम एका तासात. मोहीम पाच वर्षांची असताना हा फरक चार दीर्घिका आणि चारशे दीर्घिका यांच्यातला आहे. म्हणून आरसा मोठा करण्यापेक्षा डिटेक्टर सुधारणे अनेकदा स्वस्त पडते.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातली चिप चालणार नाही का?

नाही. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि आपल्या फोटॉनकडे त्याचा जेमतेम नव्वदावा हिस्सा असतो. खोलीच्या तापमानाला अणूंची साधी थरथरच सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टची असते, म्हणजे फोटॉनच्या दुप्पट.

जर्मेनियममध्ये गॅलियम मिसळले तर सुमारे १२० मायक्रॉनपर्यंत मजल जाते. त्या स्फटिकावर यांत्रिक दाब दिला तर २०० पर्यंत. स्पिट्झर आणि हर्शेल या दोन्ही अंतराळ दुर्बिणींवर असे दाबून बसवलेले स्फटिक होते. उत्तम अभियांत्रिकी, पण एकेक स्फटिक शिकंज्यात धरून हजारो पिक्सेलचा कॅमेरा बनत नाही.

मग अतिसंवाहकच का?

हेइके कामर्लिंग ओनेस यांनी १९११ मध्ये नेदरलंड्समधल्या लायडनला पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. का, ते १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी उलगडले. थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. या कूपर जोड्या विनारोध वाहतात आणि जोडी फोडायला ठरावीक किमान ऊर्जा लागते.

ती ऊर्जा फारच थोडी असते. ॲल्युमिनियम १.२ केल्विनला अतिसंवाहक होते आणि त्यातली जोडी फोडायला ०.३६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. १०० मायक्रॉनचा एक फोटॉन चौतिसेक जोड्या फोडण्याइतकी ऊर्जा घेऊन येतो. प्रत्यक्षात काही ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत जाते, तरी वीसेक जोड्या तुटतातच. सिलिकॉनला ज्याची चाहूलही लागत नाही, तो फोटॉन ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीत चांगली खळबळ माजवतो. वर, पट्टी ०.१ केल्विनच्या आसपास ठेवली की उष्णतेने आपोआप तुटणाऱ्या जोड्या जवळजवळ उरत नाहीत. फोडले असेल तर प्रकाशानेच.

या खळबळीचा उपयोग करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत: टीईएस (ट्रान्झिशन एज सेन्सर) आणि केआयडी (कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर).

टीईएस कसा काम करतो?

हा बोलोमीटरच, म्हणजे प्रकाशाने किती तापले ते मोजणारा. पहिला बोलोमीटर सॅम्युएल लँगली यांनी १८८० च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा बनवला होता. टीईएसमध्ये तापमापी म्हणून अतिसंवाहकाची पट्टी असते, आणि ती बरोबर संक्रमणाच्या कड्यावर, अर्धी अतिसंवाहक अर्धी साधी, अशी धरून ठेवतात. तिथे तापमान केसभर वाढले तरी रोध झपाट्याने वाढतो. मॉलिब्डेनमवर सोने किंवा तांबे, टायटॅनियमवर सोने, अशा दोन थरांच्या जाडीचे प्रमाण बदलून संक्रमण हव्या त्या तापमानाला, समजा ०.१ केल्विनला आणता येते.

कड्यावर तोल धरून ठेवणे अवघड होते. १९९५ मध्ये केंट अर्विन यांनी दाखवले की पट्टीला स्थिर व्होल्टेज दिले तर ती स्वतःच तोल सांभाळते: तापली की रोध वाढतो, त्यामुळे विजेने होणारी तापवणूक कमी होते आणि पट्टी जागेवर येते. त्यानंतर टीईएसचे दिवस पालटले. हवाईतल्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवरच्या स्कुबा-२ कॅमेऱ्यात १०,००० हून जास्त टीईएस आहेत.

आकाशापेक्षा शांत करायचे तर पट्टी उरलेल्या जगापासून उष्णतेच्या दृष्टीने तोडावी लागते. ती सिलिकॉन नायट्राइडच्या पापुद्र्यावर असते, आणि पापुद्रा चार बारीक पायांवर तरंगतो. पाय मायक्रॉनच्या पाव भागाइतके जाड आणि शेकडो मायक्रॉन लांब. हिशेब सोपा आहे: ०.१ केल्विनला पायांतून केल्विनमागे एका पिकोवॅटचा दहावा भाग उष्णता वाहत असेल, तर एनईपी सुमारे २.३ गुणिले १० चा उणे १९ वा घात येतो. आणखी खाली जायचे तर पाय आणखी लांब, आणखी बारीक. मग पिक्सेल प्रतिसाद द्यायला वेळ लावतो आणि पाय मोडण्याची भीतीही वाढते.

आणि केआयडी?

यात तापमान मोजायची भानगडच नाही. अतिसंवाहकातल्या जोड्यांना वस्तुमान असते. विजेची दिशा उलटसुलट बदलू लागली की त्या जडत्वामुळे मागे रेंगाळतात. या रेंगाळण्याचा परिणाम मंडलात इंडक्टन्ससारखा होतो. फोटॉनने काही जोड्या फोडल्या की उरलेल्या कमी जोड्यांना तोच प्रवाह वाहावा लागतो आणि हा इंडक्टन्स वाढतो. त्या पट्टीला कपॅसिटर जोडून रेझोनेटर, म्हणजे एका ठरावीक वारंवारितेला प्रतिसाद देणारे मंडल, बनवला तर त्याची वारंवारिता किंचित खाली घसरते. ती घसरण मोजायची, झाले. ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक आणि नासाच्या जेपीएल या संस्थांमधल्या पीटर डे, योनास झ्मुइडझिनास आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक पिक्सेलच्या कपॅसिटरची लांबी थोडी वेगळी ठेवली की प्रत्येकाची वारंवारिता वेगळी होते, आणि हजारेक पिक्सेल एकाच तारेवर टांगता येतात. आकाशवाणीची सगळी केंद्रे एकाच एरियलवर येतात आणि आपण काटा फिरवून हवे ते ऐकतो, तसेच. फक्त इथे सगळी केंद्रे एकाच वेळी ऐकली जातात. ०.१ केल्विनच्या डब्यात जाणारी केबल एक, येणारी एक. टीईएसला प्रत्येक गटामागे स्क्विड नावाचे वेगळे चुंबकीय संवेदक आणि बऱ्याच जोडण्या लागतात.

पडद्यावर हे पाहणे मोठे सुखाचे असते. वारंवारितेच्या सपाट रेषेत शेकडो अणकुचीदार खड्डे ओळीने दिसतात, प्रत्येक खड्डा एक पिक्सेल. समोरचा कृष्णपदार्थ, म्हणजे तापमानानुसार ठरावीक प्रारण सोडणारी काळी वस्तू, थोडा तापवला की सगळे खड्डे जरासे डावीकडे सरकतात आणि उथळ होतात. काही खड्डे मात्र एकमेकांना खेटून बसलेले असतात. पातळ थराची जाडी सिलिकॉनच्या चकतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अगदी सारखी येत नाही, त्यामुळे वारंवारिता ठरवल्या जागेवर न पडता शेजारच्या पिक्सेलवर आदळते आणि दोन्ही निकामी होतात. यावर उपाय मजेशीर आहे. थंड डब्यात प्रत्येक पिक्सेलवर एकेक छोटा एलईडी लावून कुठला खड्डा कुठल्या पिक्सेलचा ते शोधतात, चिप बाहेर काढतात, प्रत्येक कपॅसिटरची बोटे हिशेबाने छाटतात आणि पुन्हा थंड करतात. चिपचे हे शिवणकाम झाले की बहुतेक खड्डे आपापल्या जागी बसतात.

दोन्हींत बरा कोणता?

अंतराळातल्या दूर-अवरक्त वर्णपटमापकासाठी, माझ्या मते, केआयडी. संवेदनशीलतेत दोघे जवळपास बरोबरीचे आहेत, आणि टीईएसचा अनुभव जास्त आहे. पण अंतराळयानावर प्रत्येक तार उष्णता आत आणते आणि प्रत्येक जोडणी बिघडण्याची एक जागा असते. तिथे तारा वाचवणारा जिंकतो.

स्रॉन ही नेदरलंड्सची अंतराळसंशोधन संस्था आणि डेल्फ्ट विद्यापीठ यांच्या गटाने २०१७ मध्ये ९६१ पिक्सेलची केआयडी मांडणी एकाच वाचन-साखळीवर चालवून दाखवली. २०२२ मध्ये त्याच गटाने १.५ टेराहर्ट्झला, म्हणजे २०० मायक्रॉनला, एनईपी ३ गुणिले १० चा उणे २० वा घात इतका खाली आणला. यातले २०१७ चे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते. एका पिक्सेलचा विक्रम बातमीत शोभतो, दुर्बिणीवर मात्र हजार पिक्सेल एकसारखे वागावे लागतात. स्रॉनचे मुख्यालय आज लायडनलाच आहे, कामर्लिंग ओनेस यांच्या गावात.

एकेक फोटॉन मोजता येतो का?

येतो. जेपीएलच्या गटाने २०१८ मध्ये क्वांटम कपॅसिटन्स डिटेक्टर नावाच्या वेगळ्या बनावटीने १.५ टेराहर्ट्झचे सुटे फोटॉन टिपले. २०२४ मध्ये पीटर डे यांच्याच गटाने २५ मायक्रॉनला एकेक फोटॉन ओळखणारा केआयडी दाखवला. तरंगलांबी वाढेल तसा फोटॉन दुबळा होतो, त्यामुळे १०० मायक्रॉनच्या पुढे मोठ्या मांडणीत हे साधणे अजून बाकी आहे.

०.१ केल्विन अंतराळातही? अंतराळ तर आधीच थंड असते ना?

अंतराळाची पार्श्वभूमी २.७ केल्विनची आहे. डिटेक्टर त्याहून पंचवीसपट थंड हवा. शिवाय सूर्य एका बाजूने भाजत असतो.

पूर्वी द्रवरूप हेलियमचा पिंप भरून न्यायचे आणि तो आटेपर्यंत काम करायचे. १९८३ चा आयरास हा अवरक्त उपग्रह दहा महिने चालला. हर्शेलने २३०० लिटरहून जास्त हेलियम नेला होता, तो २९ एप्रिल २०१३ ला संपला आणि धडधाकट दुर्बीण आंधळी झाली. प्लँक या युरोपीय अंतराळ दुर्बिणीचे ०.१ केल्विनवर चालणारे उपकरणही जानेवारी २०१२ मध्ये शीतक संपल्यावर थांबले.

आता यांत्रिक शीतयंत्राने ४ केल्विन गाठतात, आणि पुढचा उतार चुंबकाने. विशिष्ट क्षार चुंबकीय क्षेत्रात धरला की त्यातले अणुचुंबक ओळीत उभे राहतात आणि उष्णता बाहेर टाकतात. ती काढून घ्यायची, क्षाराचा बाहेरशी संबंध तोडायचा, मग क्षेत्र हळूहळू उतरवायचे. अणुचुंबक पुन्हा विस्कटताना आजूबाजूची उष्णता शोषतात. संपण्यासारखे काही नाही. असे टप्पे एकामागून एक लावून अखंड थंडावा देणारी यंत्रे नासाच्या गोडार्ड केंद्रात बनली आहेत. मात्र ०.१ केल्विनला त्यांची ताकद मायक्रोवॅटच्या घरात असते, म्हणून आत जाणाऱ्या केबलसुद्धा नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारांच्या असतात: वीज नेतात, उष्णता फारशी नेत नाहीत.

विश्वकिरणांचे, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचे, काय?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात आधी विचारायला हवा. प्लँकच्या बोलोमीटरांनी तो धडा दिला. प्रत्येक डिटेक्टरमध्ये सरासरी सेकंदाला एक या हिशेबाने खोटे झटके दिसत होते. कण थेट डिटेक्टरवर आदळत नव्हते, बहुतेक त्याच्या मागच्या सिलिकॉनच्या चकतीवर आदळत होते. तिथे उठलेली कंपने पसरत डिटेक्टरपर्यंत पोहोचत होती.

केआयडीच्या बाबतीत ही कंपने जोड्या फोडतात, म्हणजे एका कणाने चिपवरचे कितीतरी पिक्सेल क्षणभर आंधळे होतात. यावर उपाय म्हणजे चकतीच्या मागे आणखी कमी तापमानाला अतिसंवाहक होणाऱ्या धातूचा, उदाहरणार्थ टँटलमच्या एका प्रकाराचा थर. कंपने तिथे जातात आणि ऊर्जा गमावतात. इतकी गमावतात की ॲल्युमिनियमची जोडी फोडण्याचे बळ त्यांच्यात राहत नाही. अतिसंवाहक क्वांटम संगणक बनवणारेही आज याच दुखण्याने त्रस्त आहेत, आणि उपायही तसेच शोधत आहेत.

सेकंदाला पन्नास फोटॉन मोजणारी वस्तू प्रयोगशाळेत तपासतात कशी?

अंधार करून. बोलायला सोपे, पण या कामात महिने जातात ते इथेच. चार केल्विनची धातूची भिंत तुम्हाआम्हाला काळीकुट्ट, या डिटेक्टरला उजळ. म्हणून चिप डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, झाकणांच्या सांध्यांना चक्रव्यूहासारखी वळणे आणि आतून काळा लेप. तो लेप साधा रंग नसतो: इपॉक्सीत कार्बनची पूड आणि सिलिकॉन कार्बाइडचे दाणे कालवून केलेला खडबडीत थर असतो, कारण गुळगुळीत काळा रंग या तरंगलांबीला आरशासारखा वागतो. केबलच्या आतल्या प्लास्टिकमधूनसुद्धा प्रकाश शिरतो, म्हणून डब्यात शिरताना तिलाही गाळणीतून न्यावे लागते. भोवती चुंबकीय कवच.

मग समोर एक छोटा कृष्णपदार्थ, ३ केल्विनपासून काही दशक केल्विनपर्यंत तापवता येणारा. त्याच्यासमोर गाळण्यांची चळत, एकच अरुंद पट्टी पुढे सोडणारी. प्लांकच्या सूत्राने डिटेक्टरवर किती वॅट पडताहेत ते काढता येते. ३ केल्विनला १.५ टेराहर्ट्झचा प्रकाश जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिथे दिसणारा गोंगाट डिटेक्टरचा स्वतःचा. तापवत गेले की गोंगाट प्रकाशाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढू लागतो: ही फोटॉनांच्या अनियमित आगमनाची सही. ती दिसली की मोजमापावर विश्वास बसतो, कारण फोटॉनचा गोंगाट किती असायला हवा हे कागदावर आधीच माहीत असते.

इतके सगळे तयार आहे, तर दुर्बीण का नाही?

पैसा. जपान आणि युरोपची स्पायका ही मोहीम नेमकी यासाठीच होती: २.५ मीटरचा, ८ केल्विनखाली थंड केलेला आरसा आणि स्रॉनच्या नेतृत्वाखालचा सफारी वर्णपटमापक, टीईएसवर आधारलेला. मे २०१८ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंतिम तीन उमेदवारांत ती आली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आर्थिक कारणाने बाद झाली. अनेकांची दहा-बारा वर्षे त्यात गेली होती. डिटेक्टरचे ज्ञान वाचले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

अमेरिकेत ५.९ मीटर आरशाच्या ओरिजिन्स दुर्बिणीचा आराखडा झाला, तो फार महाग ठरला. पुढे नासाने एक अब्ज डॉलरच्या मर्यादेतली मोहीम काढायचे ठरवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन प्रस्ताव वर्षभराच्या अभ्यासासाठी निवडले: क्ष-किरणांचा ॲक्सिस आणि दूर-अवरक्ताचा प्रिमा. दोन्हींतला एकच २०३२ मध्ये उडवायचा, अशी ती योजना. प्रिमाचा आरसा १.८ मीटरचा, ४.५ केल्विनला थंड, आणि डिटेक्टर सगळे केआयडी. आरसा हर्शेलच्या निम्म्याच आकाराचा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी वरचा वर्गमूळाचा हिशेब पुन्हा वाचावा.

केआयडी आजवर कुठे वापरले गेले आहेत का?

स्पेनमधल्या आयराम दुर्बिणीवरचा निका-२ कॅमेरा केआयडीवरच चालतो, मात्र मिलिमीटर लहरींत. फुग्यांवरही ते उडाले आहेत: २०१८ मध्ये स्वालबार्डवरून इटलीचा ओलिंपो, २०२० च्या आरंभी अंटार्क्टिकावरून ब्लास्ट-टीएनजी.

भारतात या क्षेत्रात काही झाले आहे का?

झाले आहे, आणि ते मुंबईतून. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बनवली आणि हैदराबादच्या आपल्या फुगा-केंद्रातून तीस किलोमीटरच्या आसपास उंचीवर वर्षानुवर्षे उडवली. तिच्यावर हेलियम-३ ने ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले बोलोमीटर होते. पुढे जपानी सहकाऱ्यांचा वर्णपटमापक बसवून आयनित कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेत तारे जन्मणाऱ्या ढगांचे नकाशे काढले. रात्र संपता संपता उपकरण हवाई छत्रीने खाली येते, आणि विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपासच्या कुठल्याही शेतात उतरू शकते. म्हणून हंगामात वर्तमानपत्रांत सूचना येते: असे काही सापडले तर उघडू नका, पोलिसांना कळवा.

कमी तापमानाचे कामही त्याच आवारात चालते. बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो, हे तिथल्याच गटाने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. डिटेक्टरला त्याचा काही उपयोग नाही, तेवढी थंडी यानावर कोण नेणार! पण एका मिलिकेल्विनखाली शांतपणे मोजमाप करणारे हात इथे आहेत, आणि दूर-अवरक्त दुर्बीण उडवणारेही.

या क्षेत्रात यायचे तर काय शिकावे?

भौतिकशास्त्र हवेच, पण घनद्रव्याचे. खगोलशास्त्र नंतर येते. सूक्ष्मनिर्मितीच्या स्वच्छ खोलीत बसायची सवय, मायक्रोवेव्ह मंडलांचे भान, आणि हजार पिक्सेलचा ओघ सांभाळणाऱ्या एफपीजीए चिपचा प्रोग्राम लिहिता येणे: या तिघांपैकी एक पक्के असले तरी गटात जागा मिळते. शेवटच्या कौशल्याची माणसे कायम कमी पडतात.